हिरेवाडीचा प्रायोगिक समुद्र

हिरेवाडीच्या तळ्यात गाळ साचला होता, ही बाब सर्वप्रथम नमूद करणे क्रमप्राप्त आहे. कारण पुढे जे जे घडले, ते सर्व या गाळातूनच वर आले.

बसवकल्याण तालुक्याच्या पश्चिम टोकाला हिरेवाडी हे अडीचशे उंबऱ्यांचे गाव आहे. गावाच्या पायथ्याशी एक तळे आहे. सदर तळ्याच्या मधोमध कर्नाटक राज्य समाप्त होते व महाराष्ट्र राज्य प्रारंभ पावते. मात्र पाण्यावर रेघ मारता येत नसल्याने ही गोष्ट मासे, म्हशी आणि धुणे धुणाऱ्या बायका यांना आजतागायत कळविण्यात आलेली नव्हती. या तळ्यात मासे सोडणे, राखणे व धरणे हे काम अंबाजीच्या घराण्याकडे तीन पिढ्यांपासून होते. पावसाळ्यात तो रोहू-कटल्याची बोटभर पिल्ले सोडी, वर्षभर त्यांना पोटच्या लेकरांप्रमाणे जपे, आणि वैशाखात पाणी गुडघ्याला आले की एक दिवस मुक्रर करून 'तळेमोड' करी. त्या दिवशी दोन्ही राज्यांचे लोक टोपल्या घेऊन पाण्यात उतरत. ज्या घरात कमावता पुरुष नाही त्या घरांना पहिल्या पाट्या जात. उरलेला माल बसवकल्याण आणि उमरग्याच्या बाजारात जाई, व त्यावर अंबाजीची चूल वर्षभर पेटे. तळेमोड चुकली तर मासे तापल्या चिखलात मरणार, कुजणार, आणि गुरांचे पाणीही नासणार, हे गावातले शेंबडे पोरसुद्धा जाणून होते. सरकारला ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

तर गाळ साचला होता, म्हणून अंबाजीने गाळ काढून मिळण्यासाठी अर्ज केला. आणि सीमेवरच्या रीतीप्रमाणे दोन अर्ज केले. सीमेवरचा माणूस कधीही एकाच सरकारवर विसंबत नाही. रस्ता असो, विहीर असो, शाळेची खोली असो, एक अर्ज कन्नडमध्ये कलबुर्गीकडे आणि त्याचीच मराठी आवृत्ती उमरग्याच्या वाटेने मुंबईकडे रवाना होते. जे सरकार आधी येईल ते आपले. आजवर दोन्ही सरकारे एकाच वेळी आल्याचा प्रसंग उद्भवला नव्हता, कारण बहुधा एकही येत नसे. आपले दोन अर्ज परक्या ठिकाणी एकाच टेबलावर समोरासमोर येतील, अशी कल्पना अंबाजीच्या बापजाद्यांनीही केली नव्हती.

ते टेबल होते पश्चिम किनाऱ्यावरील पाच राज्यांच्या विधिमंडळांनी मिळून स्थापन केलेल्या 'सागरी मत्स्यधोरण समन्वय समिती'चे.

या समितीची रचना अत्यंत विचारपूर्वक करण्यात आली होती. बैठक कोणत्या बंदरात घ्यावी यावर वर्षभर वाद झाला, कारण एका राज्याच्या बंदरात गेल्यास उरलेल्या चार राज्यांचा किनारा अपमानित होत होता. अखेर ज्या गावाला कोणाचाच किनारा नाही, पण मोठे रेल्वेस्टेशन आहे, असे गाव शोधण्यात आले, आणि समुद्राचे कार्यालय कलबुर्गीत तूरडाळीच्या बाजारामागे थाटण्यात आले. अध्यक्ष निवडतानाही हाच निकष लावण्यात आला. मासे खाणारा सदस्य पक्षपाती ठरेल, किनाऱ्यावरचा सदस्य मतलबी ठरेल. सबब ज्याने मासा चाखला नाही आणि समुद्र पाहिला नाही, असा निःपक्षपाती पुरुष म्हणून आमदार गुरुपादय्या यांची बिनविरोध निवड झाली. त्यांच्या घराण्यात बाराव्या शतकापासून कोणी मासा शिवला नव्हता, असे अभिनंदनाच्या ठरावात गौरवाने नोंदविण्यात आले.

समितीच्या नऊ बैठका झाल्या. आमच्या पाण्यात तुमच्या नौका नकोत, यावर पाचही राज्यांचे संपूर्ण एकमत होते. परंतु एवढ्या एकमतावर अहवाल होईना. समितीची मुदत संपत आली, आणि सहकार्य केल्याचा एक तरी पुरावा हवा होता. समुद्रात सहकार्य करावे तर मतदार रागावतात. तेव्हा समितीचे सचिव महेशकुमार यांनी कपाटे धुंडाळली आणि एकाच तळ्यासाठी दोन राज्यांकडे आलेले आणि 'मासे' हा शब्द पाहून दोघांनीही समितीकडे ढकललेले दोन अर्ज अध्यक्षांपुढे ठेवले. दोन राज्यांच्या मालकीचे पाणी! त्यात मासे! आणि मतदार अवघे पाचशे, तेही दोन राज्यांत विभागलेले! सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे इतिवृत्तात लिहिलेले आहे. त्याच बैठकीत हिरेवाडीच्या तळ्यास एकमताने 'प्रायोगिक समुद्र' असा दर्जा देण्याचे ठरविण्यात आले.

जानेवारीत समिती गावात आली. मारुतीच्या पारावर मांडव पडला. गावकऱ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला, मिरचीची भजी आणि चहा देण्यात आला. गुरुपादय्यांनी तळ्याकडे हात करून भाषण केले.

"बंधुभगिनींनो, आजपर्यंत समुद्र फक्त किनाऱ्याच्या लोकांनी भोगला. बिदर आणि कलबुर्गीच्या नशिबी काय आलं? ऊन आणि तूर! हा अन्याय आज संपला."

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी अंबाजीची होती, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या खांद्यावर शाल पडली. 'सागरी सहकार्य मित्र' असे पाच भाषांत लिहिलेले, काचेत बसविलेले प्रमाणपत्र त्याच्या हाती देण्यात आले.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, नागूबाईने, ते प्रमाणपत्र चुलीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिले.

"गाळ कवा काढायलेत म्हनं?"

"अगं, गाळाचं काय घेऊन बसलीस? आपलं तळं समुद्र झालंय."

"मंग खारट कामून लागंना?"

"तुला सरकारी काम कळत न्हाई," अंबाजी म्हणाला, आणि प्रमाणपत्रासाठी भिंतीत खिळा ठोकू लागला.

"आवं, त्यो खिळा टोपल्याच्या कडीला ठिवला व्हता," नागूबाई म्हणाली. "टोपलं राहू द्या आता. समुद्राला काय टोपलं लागतंय व्हय!"

फेब्रुवारीपासून समुद्राचे नियम लागू झाले. प्रथम नौकानोंदणी आली. अंबाजीची नौका म्हणजे ट्रकची एक मोठी ट्यूब व तिच्यावर सुतळीने आवळलेली लाकडी फळी. तिची लांबी, रुंदी आणि बांधणीचे वर्ष नोंदविण्यात आले. नोंदणीक्रमांक ट्यूबवर ठोकण्याचा प्रयत्न एकदाच झाला. त्यानंतर नवी ट्यूब आणावी लागली. प्रत्येक राज्याच्या नौकेचा रंग वेगळा असल्याने ट्यूब अर्धी एका व अर्धी दुसऱ्या रंगात रंगविण्यात आली, आणि तळ्याच्या मध्याशी पोहोचल्यावर अंबाजीने फिरून बसावे, म्हणजे योग्य राज्याचा रंग पुढे येईल, असा लेखी आदेश निघाला. तळे सहाशे फूट रुंद होते. अंबाजी तीनशे फुटांवर न चुकता फिरून बसे.

पाण्यात बसलेल्या म्हशींना 'अनोंदणीकृत जलयाने' म्हणून नोटिसा आल्या. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द धरावी, या नियमाने कर्नाटकाचा समुद्र उमरग्याच्या उसापर्यंत आणि महाराष्ट्राचा समुद्र बसवकल्याणच्या किल्ल्यापर्यंत पोहोचला. त्यावर दोन्ही राज्यांनी एकमेकांना सौम्य शब्दांत निषेध कळविला व संबंध पूर्ववत सौहार्दाचे राहिले.

मग ट्यूबला ठिकाण सांगणारे यंत्र बसले. नौका कोठे आहे, हे ते यंत्र दूरच्या बंदरातील एका कक्षाला कळवी. तेथून अंबाजीला रोज सकाळी दूरध्वनी येई.

"तुमची नौका जमिनीवर आदळली आहे. खलाशी जिवंत आहेत का?"

"म्या जित्ता हाय, साहेब. जमिनीवरच असती माझी नौका."

"किनारा किती दूर आहे?"

"व्हय तो समोरच. बायको भांडे घासायली की."

"घाबरू नका. मदत निघाली आहे," असे सांगून दूरध्वनी बंद होई.

इथपर्यंत अंबाजीने सर्व आनंदाने सोसले. शंभर पिढ्यांत ज्याला कोणी विचारले नव्हते, त्याच्या जिवंतपणाची आता रोज सरकारी चौकशी होत होती. परंतु मार्चअखेर मासेमारीबंदीचा आदेश आला, तेव्हा मात्र त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

माशांच्या विणीच्या काळात समुद्रात मासेमारी बंद असते, हे योग्यच आहे. पण या समितीतील पाच राज्यांनी बंदीच्या पाच वेगवेगळ्या तारखा धरल्या होत्या. कोणत्याही राज्याला आपली तारीख सोडण्यास भाग पाडणे हे सहकार्याच्या तत्त्वाविरुद्ध झाले असते. म्हणून सर्व तारखा एकत्र जोडण्यात आल्या, आणि प्रायोगिक समुद्रात एक एप्रिल ते एकतीस ऑगस्ट संपूर्ण बंदी जाहीर झाली. तळेमोड वैशाखात, म्हणजे मेमध्ये होती.

अंबाजी धोतर नेसून, प्रमाणपत्र पिशवीत घालून कलबुर्गीला गेला. महेशकुमारांच्या टेबलावर काचेचा एक शंख होता.

"साहेब, मे महिन्यात मासे काढावंच लागतेत. पानी आटतंय."

"कशातलं पाणी?"

"तळ्यातलं."

"आमच्या नोंदीत तळं नाही. समुद्र आहे." महेशकुमारांनी चष्मा पुसला. "आणि समुद्र आटल्याचं एकही उदाहरण कार्यालयात उपलब्ध नाही."

"दर सालाला आटतो की, साहेब!"

"तसा प्रस्ताव द्या. 'आटणारा समुद्र' अशी नवी वर्गवारी करावी लागेल. पाचही विधिमंडळांची संमती लागेल. अधिवेशन पावसाळ्यात आहे."

"तवर मासे मरतील."

"मग हरकत घ्यायची होती. मसुदा प्रसिद्ध केला होता, तीस दिवस मुदत दिली होती. एकही हरकत आली नाही."

"कुठं प्रसिद्ध केलता? आमच्याकडं तर न्हाई आला."

"तुमच्याकडे कशाला येईल?" महेशकुमारांना खरोखरच आश्चर्य वाटले. "समुद्राची सूचना समुद्रकाठच्या वर्तमानपत्रात देतात. तुम्ही इतक्या आत राहता!"

त्यांनी माणुसकीच्या नात्याने अंबाजीकडून पाच प्रतींत विनंती लिहून घेतली, प्रत्येक प्रतीवर शिक्का मारला, आणि परवानगी येईपर्यंत हात न लावण्याची तोंडी समज दिली. शिक्का गोल होता व त्यात लाटा काढलेल्या होत्या. अंबाजीचा जीव अर्धा खाली बसला. ज्या कागदावर इतका सुंदर शिक्का आहे, तो कागद फसवील, हे त्याच्या मनाला पटेना.

तरीही परतीच्या वाटेवर तो आमदारांच्या वाड्यावर उतरला. गुरुपादय्या नुकतेच इष्टलिंगपूजा आटोपून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी त्याला ताक दिले.

"अप्पा, तुमच्या शब्दानं हुईल. एक दिवसाची परवानगी द्या. माझं साल बुडायलंय."

"अंबाजी, तू चांगला माणूस हाइस." गुरुपादय्यांनी ताकाचा पेला पुन्हा भरला. "पर तू मला जीव मारायची परवानगी मागायलास. माझ्या हातनं हे पाप कसं हुईल? त्यांना जगू दे. पाच महिने तरी सुखानं जगू दे."

"पानी गेल्यावर कशात जगतील, अप्पा?"

गुरुपादय्यांनी झोपाळा थांबवून गंभीर विचार केला.

"पाण्याचा विषय दुसऱ्या खात्याचा हाय," ते म्हणाले. "आमच्या समितीकडं फकस्त मासे हाइत."

मे महिना उजाडला. पाणी मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर आले. कर्नाटकाचा भाग उंच असल्याने तो आधी उघडा पडला आणि सारे मासे तडफडत महाराष्ट्राच्या डबक्यात गेले. किनाऱ्यावर नेमलेल्या रखवालदाराने तसे कळविताच समितीने तातडीचे प्रसिद्धिपत्रक काढले: 'कर्नाटकातील मासे कोणत्याही वादाविना महाराष्ट्रात दाखल. विधिमंडळांच्या सहकार्याचे पहिले फळ.'

त्या दिवशी दुपारी नागूबाईने पदर खोचला, टोपली घेतली आणि ती चिखलात उतरली. तिच्यामागे दोन्ही राज्यांच्या वीसपंचवीस बायका उतरल्या. रखवालदार धावत आला.

"ए अक्का! बंदी हाय! मासे धरायचे न्हाईत!"

"मासे कोन धरायलंय? गाळ काढायलाव आमी," नागूबाई म्हणाली. "अर्ज दिलाय गाळाचा. एक न्हाई, दोन. गाळात काय निघंल ते निघंल."

रखवालदाराने नियमांचे पुस्तक चाळले. "समुद्रतळ उकरायला दिल्लीची परवानगी लागती."

"मंग दिल्लीला म्हनावं, ये टोपलं घेऊन. सांजच्यापतूर हितंच हाय मी."

बायका हसल्या. रखवालदार एकटा, बायका पंचवीस. त्याने छत्री मिटून झाडाखाली जाण्याची तयारीही केली होती. सारे मासे तासाभरात निघाले असते. परंतु त्याच वेळी अंबाजी बांधावरून ओरडत खाली आला, आणि त्याने स्वतःच्या बायकोचा हात धरला.

"नागू, वर चल! परवानगी यायलीय. शिक्का मारून दिलाय त्यांनी. नियम मोडला तर कागद तिथंच फाडतील."

"आवं, डोळे हाइत का न्हाई? हे बघा," तिने पायाशी आ करून पडलेला हातभर कटला दाखवला. "ह्याला दावा की तुमचा शिक्का!"

"सगळ्या गावाला दंड हुईल. म्या सागरी सहकार्य मित्र हाय. माझ्याच घरानं नियम मोडला तर सरकार काय म्हनंल?"

नागूबाईने हात सोडवून घेतला. मग टोपली चिखलातच पालथी घातली आणि ती वर आली. मागोमाग साऱ्या बायका वर आल्या. त्यानंतर सात दिवस अंबाजी रखवालदाराच्या शेजारी बसून आपल्या माशांचे आपल्याच गावापासून रक्षण करीत होता. आठव्या दिवशी रक्षण करण्यासारखे काही उरले नाही.

दुर्गंधी इतकी पसरली की दोन्ही राज्यांच्या एसट्या काचा लावून जाऊ लागल्या. गुरे डबक्याला तोंड लावीनात. लोक तीन मैलांवरून पाणी आणू लागले. बंदराच्या कक्षातून मात्र दूरध्वनी नित्यनेमाने येत राहिला.

परवानगी एक सप्टेंबरला आली. पाच राज्यांचे पाच शिक्के होते. तोवर पाऊस होऊन तळे काठोकाठ भरले होते. त्यात एकही मासा नव्हता. गाळ मात्र कुजलेल्या माशांनी वीतभर वाढला होता. अंबाजी परवानगी हातात घेऊन बांधावर उभा राहिला. ती मोडता येण्यासारखी नव्हती, खाता येण्यासारखी नव्हती. तिला लावायला भिंतीत खिळाही एकच होता.

समितीचा अहवाल त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला. चारशे पानांचा तो ग्रंथ गुळगुळीत कागदावर छापलेला असून मुखपृष्ठावर दुरंगी ट्यूबवर फिरून बसलेल्या अंबाजीचे छायाचित्र आहे. निष्कर्ष असे: बंदीकाळात प्रायोगिक समुद्रात झालेली मासेमारी, शून्य. नियमभंगाचे गुन्हे, शून्य. जनतेच्या हरकती, शून्य. देशातील कोणत्याही समुद्रात एवढे यश आजवर मिळालेले नाही. सबब जेथे जेथे एकाहून अधिक राज्यांचा पाण्याशी संबंध येतो, ती धरणे, नद्या, कालवे व त्यांवर अवलंबून असणारे नळ यांनाही हा दर्जा टप्प्याटप्प्याने देण्यात यावा.

दिवाळीच्या आधी अंबाजी मजुरीसाठी बसवकल्याणला जाऊ लागला. एके दिवशी परतताना त्याने स्टँडवरून भजी बांधून आणली. नागूबाईने पुडी सोडली. तेलकट कागदावर लाटांचा गोल शिक्का दिसला, तसे तिने भजी ताटलीत ओतून कागद त्याच्यापुढे सरकवला. तो कागद कुठल्या तरी समुद्रकाठच्या शहरातील गेल्या वर्षीच्या वर्तमानपत्राचा होता. रद्दीला राज्यांच्या सीमा लागू नाहीत. सातव्या पानावर, सोन्याच्या भावाखाली, चौकटीत छापले होते: 'जाहीर सूचना. मौजे हिरेवाडी येथील तळ्यास समुद्राचा दर्जा देण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.'

अंबाजीने ते बोट ठेवून दोनदा वाचून दाखवले.

"हे पेपर लई लोक वाचत असतील?" नागूबाईने विचारले.

"लाखांनी. शिकलेली मानसं."

"भाव वाचला आसंल त्यांनी?"

"वाचला आसंल."

"मंग त्याच्याखालचं हे? एवढ्याशा तळ्याला समुद्र म्हनायलेत, हे बघून कुनीच कामून एक कारड टाकलं न्हाई?"

अंबाजीने कागदाची घडी घातली. त्याने मनात पाहिले: शिकलेली माणसे ते वाचून हसली असतील, शेजाऱ्याला दाखवून पुन्हा हसली असतील, आणि पान उलटले असेल. पण ही गोष्ट त्याने बायकोला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिचा प्रश्न स्वच्छ अक्षरांत कागदावर उतरवला. यावेळी कोणत्या सरकारकडे पाठवावा हे मात्र त्याला कळेना, कारण दोन्ही सरकारांनी आपापले काम चोख बजावले होते.

सबब नागूबाईचा सदर प्रश्न, ही हकीकत इथपर्यंत हसत हसत वाचणाऱ्या आपणांकडे उत्तरासाठी वर्ग करण्यात येत आहे. मुदत तीस दिवस. उत्तर न आल्यास, गेल्या वेळेप्रमाणेच, आपली संमती आहे असे समजण्यात येईल.